गोव्यात शिकायला आल्यावर इथलं जेवण अंगवळणी कसं पाडावं

गोव्यातली बहुतेक कॉलेजं सुरू होतात त्या सुमारास समुद्र बंद असतो. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची मनाई असते. त्यामुळे पावसाच्या सुरुवातीला हॉटेलात मिळणारा मासा बराचसा बर्फातला किंवा बाहेरून आलेला असतो, आणि महागही. नेमक्या त्याच दिवसांत लातूर, सोलापूर, अकोल्याकडून आलेली मुलं पहिल्या आठवड्यात हौसेने फिश थाळी मागवतात. उकड्या तांदळाचा जाडा भात, माशाची आंबट कढी, काट्यांचा बांगडा, बाजूला सुक्या जवळ्याची किसमूर, हे सगळं एकाच पानात पहिल्यांदा समोर येतं. मग "इथलं जेवण आपल्याला मानवत नाही" असा निकाल लागतो आणि पुढची चार वर्षं फ्राइड राइस, नूडल्स आणि घरून आलेल्या चटणीवर निघतात.

फिश थाळी हा गोव्याच्या जेवणाचा शेवटचा धडा आहे, पहिला नव्हे. इथले ऋतू ज्या क्रमाने पदार्थ पुढे आणतात तोच क्रम धरला तर जीभ आपोआप तयार होते. पावसात भाज्या, कडधान्यं आणि पाव, चतुर्थीला शिवराक (शाकाहारी) जेवण, नंतर ताजे मासे, आणि सुकी मासळी सगळ्यात शेवटी.

आधी नेमकं काय खुपतं ते शोधा

"मला गोव्याचं जेवण आवडत नाही" या वाक्याला उपाय नाही. उपाय असतो तो एका ठरावीक गोष्टीवर. देशावरून किंवा विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्यांना साधारण पाच गोष्टी अडतात: उकड्या तांदळाचा वास आणि जाडी, खोबरेल तेल, सोलांचा (कोकमाच्या वाळवलेल्या सालींचा) आंबटपणा, तिरफळं (जिभेला झिणझिण्या आणणारा मसाला) आणि माशाचा वास. यातली तुमची कोणती, हे एका जेवणात कळतं. आधी नुसता भात चमचाभर खा. मग कढी नुसती, भाताशिवाय चाखा. मग भाजी. ज्या घासाला तोंड वाकडं झालं ती तुमची अडचण. बहुतेकांची एक किंवा दोनच निघतात, पाचही नाही. बाकीचं जेवण तुम्ही आजपासून खाऊ शकता.

सगळ्या चवींना लागू पडतील असे तीन नियम आहेत.

नवी चव कडकडून भूक लागलेली असताना घ्या. पोट भरत असताना जे खाल्लं जातं ते मनाला लवकर पटतं. पोट भरल्यावर चाखून पाहिलेली गोष्ट जवळपास नेहमीच नापास होते.

एका वेळी एकच अनोळखी पदार्थ पानात असू द्या, बाकी सगळं ओळखीचं. उकडा भात खायचा आहे तर त्या दिवशी त्याच्यावर साधं वरण आणि घरची शेंगदाण्याची चटणी घ्या. हुमण (माशाची खोबऱ्यातली कढी) चाखायचं आहे तर ते साध्या पांढऱ्या भातावर. मात्र नव्या पदार्थावर ठेचा किंवा सॉस ओतू नका. त्याने घास गिळला जातो, पण चव ओळखीची होत नाही.

आणि एकदा नापास झालं म्हणून सोडू नका. चार-पाच घासांची छोटी वाढणी, आठवड्यातून दोनदा, असं सात-आठ वेळा करून पाहा. त्यानंतरही नको वाटलं तर खुशाल सोडा. प्रत्येक गोष्ट आवडलीच पाहिजे असं नाही.

एक खबरदारी बरेच जण घेत नाहीत. चोर्ला, आंबोली किंवा अनमोड घाट उतरून बसमधून पोट ढवळत आलात, ताप आहे किंवा पोट बिघडलंय, अशा वेळी नवीन पदार्थ पहिल्यांदा खाऊ नका. खाल्ल्यावर उलटी झाली तर दोष बसचा असला तरी शरीर तो त्या चवीच्या नावावर टाकतं, आणि अशी अढी पुढे कितीतरी महिने जात नाही. घाटातून आल्यावर पेज किंवा दहीभात खावा.

सुरुवात सकाळी करा

गोव्यात सगळ्यात सोपी दारं सकाळच्या नाश्त्याची आहेत. भाजी-पाव म्हणजे इथली पातळ भाजी: पांढरे वाटाणे खोबऱ्याच्या वाटणात शिजवलेले. तिखटपणा बेताचा, आंबटपणा जवळपास नाही. उसळ-पाव खाऊन वाढलेल्याला ती परकी वाटत नाही, पण ओल्या खोबऱ्याची चव तिच्यातून हळूच जिभेला लागते. बटाट्याची सुकी भाजी वेगळी मिळते, आणि "मिक्स" म्हटलं की दोन्ही एका ताटलीत येतात. पहिल्या आठवड्यात मिक्स मागवा, दुसऱ्यात नुसती पातळ. सोबत मिरचीचं भजं किंवा गोडसर बन घ्या. पणजीत कॅफे टाटो आणि कॅफे भोसले याच नाश्त्यासाठी ओळखले जातात, पण म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठल्याही बाजारपेठेत असं हॉटेल सापडतंच. नऊच्या आत जा. उशिरा गेलात की भाजी आटून घट्ट झालेली असते आणि खोबरं तळाशी बसलेलं असतं.

पावाकडे नीट लक्ष द्या, कारण पोदेराचा (इथल्या पाववाल्याचा) पाव हे गोव्यात राहण्याचं मोठं सुख आहे. पोदेर सकाळी आणि पुन्हा संध्याकाळच्या सुमारास सायकलवरून भोंगा वाजवत येतो. साधा मऊ पाव, कडक सालीचा गोल उंडो, कोंडा लावलेली आतून पोकळ पोळी, चहात बुडवायला बांगडीच्या आकाराचं कांकण. यातली पोळी चपातीची सवय असलेल्यांना सगळ्यात लवकर जवळची वाटते: कडेने चिरली की आत खिसा तयार होतो, त्यात सुकी भाजी, ऑम्लेट, काहीही भरता येतं. त्याच दिवशी खा. दुसऱ्या दिवशी ती चिवट होते. मग तव्यावर कोरडी शेकून घ्यायची.

संध्याकाळच्या गाड्यांवर रोस-ऑम्लेट मिळतं: ऑम्लेटवर गरम रस्सा ओततात, वर कच्चा कांदा आणि लिंबू, सोबत पाव. हा रस्सा बहुधा कोंबडीच्या शाकुतीचा असतो. अंडं खाणारे पण मांस न खाणारे इथे हमखास फसतात, तेव्हा आधी विचारा. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या मुलांनी शाकुतीपासूनच सुरुवात करावी असं आम्ही ठामपणे सांगू. भाजलेलं खोबरं, खसखस, धणे, लवंग, दगडफूल हे तिच्यात असतं, म्हणजे घरच्या मटणाच्या वाटणातलंच बरंचसं. फक्त तर्री शोधू नका. इथे रस्सा घट्ट असतो, तेल वर तरंगत नाही.

उकडा भात

उकडे तांदूळ म्हणजे भात सालीसकट उकडून, वाळवून मग कांडलेला. सालीकडची सत्त्वं त्यात दाण्यात उतरतात आणि दाणा टणक होतो. म्हणून तो शिजायला वेळ लागतो, मोकळा राहतो आणि त्याला एक उबट वास असतो. हा वास खुपत असेल तर भात गरम असतानाच खा. उकडा भात निवला की कडक होतो आणि वास जास्त जाणवतो. देशावर आपण सगळा भात एकदम कालवतो, तसं इथे करू नका. चार-पाच घासांपुरताच भात ओढून त्यावर कढी घ्या, ते संपलं की पुढचा. नेहमीच्या भाताच्या पाऊण वाढणीतच पोट भरतं. पहिल्या आठवड्यात "पोट जड झालं" म्हणणारे बहुतेक जण आपल्या नेहमीच्या मापाने उकडा भात खाल्लेले असतात.

खोली घेऊन राहत असाल आणि स्वतः शिजवणार असाल तर एक वाटी उकडे तांदूळ तासभर भिजवा, चार वाट्या पाणी घाला, कुकरला मध्यम आचेवर पाच-सहा शिट्ट्या द्या. उघड्या पातेल्यात सात-आठ वाट्या पाणी आणि पाऊण तास लागतो. मग जास्तीचं पाणी निथळून घ्यायचं. दोन शिट्ट्यांत उतरवलेला भात मधे कच्चा राहतो, आणि त्या एका अनुभवावर तांदळालाच नावं ठेवली जातात. पाणी न निथळता दाणा मऊ होईपर्यंत शिजवून, मीठ घालून खाल्ली की झाली पेज. सोबत लोणच्याची फोड पुरे. परीक्षेच्या दिवसांत, आजारपणात, रात्री जागल्यावर याच्याइतकं निवांत अन्न दुसरं नाही.

खोबरं, खोबरेल आणि सोलं

खोबरेलाचा वास आला की आपल्याकडच्या मुलांना डोक्याला लावायचं तेल आठवतं. अडचण चवीची नसून आठवणीची आहे. म्हणून तो वास आधी अशा पदार्थात घ्या जिथे तो तळणीत मुरलेला असतो. नीरफणसाची कापं यासाठी उत्तम: नीरफणसाच्या पातळ चकत्यांना मीठ, हळद, तिखट लावायचं, रव्यात घोळवायच्या आणि तव्यावर थोड्या तेलात कुरकुरीत करायच्या. मजा अशी की पुढे रवा लावलेला मासा पानात आला की त्याची वरची चव तुम्हाला आधीच माहीत झालेली असते. कच्चं खोबरेल वरून सोडलेले पदार्थ, उदाहरणार्थ खतखतें (अनेक भाज्या एकत्र शिजवलेला पदार्थ), नंतरसाठी ठेवा.

सोलांचा आंबटपणा चिंचेसारखा गोडसर नसतो, तो सरळ आणि किंचित तुरट असतो. आमटीत गूळ लागतो अशा घरातून आलेल्यांना तो बोचतो. त्याला सोलकढीपासून सुरुवात करा. हॉस्टेलवर गॅस नसतो, पण सोलकढीला तो लागतच नाही. दुकानात आगळ मिळतं, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस. २०० मिलीलीटरचा नारळाच्या दुधाचा डबा घ्या, तेवढंच पाणी घाला, दोन चमचे आगळ, ठेचलेल्या लसणीची अर्धी पाकळी, हिरव्या मिरचीचा एक तुकडा. दहा मिनिटांनी मिरची-लसूण गाळून काढा. चाखल्याशिवाय मीठ घालू नका, आगळ मुळातच खारट असतं. आंबट कमी वाटलं तर अर्धा-अर्धा चमचा वाढवा. एकदम ओतलं तर दूध फाटल्यासारखं कणीदार दिसतं आणि तुरटपणा घशाला लागतो. बनवल्यावर दोन-तीन तासांत संपवा. फ्रिजमध्ये ठेवली तर खोबऱ्याची साय वर घट्ट होते, ती खराबी नव्हे, ढवळून घ्यायची. पहिल्या वेळी पाव ग्लास पुरे, तोही जेवणाच्या शेवटी.

तिरफळं हुमणात आणि खतखत्यात असतात, विशेषतः बांगड्याच्या हुमणात. जिभेला झिणझिण्या येतात, ओठ बधिर झाल्यासारखे वाटतात. ती ॲलर्जी नाही, तिरफळाचा तो स्वभावच आहे आणि थोड्या वेळात उतरतो. पानात आलेलं तिरफळ खायचं नसतं, बाजूला काढायचं. चावून खाल्लंत तर पुढचे चार घास वाया गेले समजा.

पावसाळ्यात बाजाराकडे वळा

पहिल्या पावसानंतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, मडगावात, फोंड्यात, रस्त्याकडेला बसलेल्या बायकांकडे ज्या भाज्या दिसतात त्या वर्षभर मिळत नाहीत. तायकिळा म्हणजे आपला टाकळा, इथे तो फणसाच्या आठळ्या आणि ओलं खोबरं घालून करतात. कुड्डुक, अळू, तांबडी भाजी. मेसच्या काकींना विचारलंत तर त्या आनंदाने एखाद्या दिवशी करतात, विचारणारं पोर सहसा नसतंच. तांबडी भाजी आधी खा, मग तायकिळा. तो थोडा कडवट असतो.

नुसत्या शाकाहारी मुलांना गोव्यात उपाशी राहावं लागतं हा समज खोटा आहे. आळसांद्यांचं तोंडाक (भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातलं घट्ट कडधान्य), मुगां-गाठी (मोड आलेले मूग आणि खोबरं, किंचित गूळ, पुण्याच्या जिभेला लगेच पटणारं), अननसाचं किंवा आमाड्यांचं (आंबट फळांचं) सांसव (मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातला पदार्थ), आणि सगळ्यांवर मुकुट म्हणजे खतखतें. खतखत्यात कांदा-लसूण नसतो. कंद, भोपळा, शेवग्याच्या शेंगा, तूरडाळ, मक्याचं कणीस, तिरफळं, सोलं, खोबरं, आणि घरागणिक यादी बदलते. हाच क्रम धरा: तोंडाक, मुगां-गाठी, सांसव, खतखतें. फोंडा तालुक्यात देवळांच्या आसपास शाकाहारी खानावळी आहेत. सोमवारी आणि गुरुवारी बरीच हिंदू घरं मासे खात नाहीत, त्यामुळे त्या दिवशी साध्या हॉटेलातही शिवराक पदार्थ जास्त चांगले असतात.

पण एक सवय लावून घ्या. भेंडी, दुधी, कोबी, तोंडली अशा भाज्यांतही इथे कधी कधी चवीला सुंगटं, म्हणजे कोळंबी, घातलेली असते, ओली किंवा सुकी. ती बारीक असते, पटकन दिसत नाही. "ह्यांत सुंगटां आसात?" एवढं विचारलं की पुरतं. "म्हाका नुस्तें नाका", म्हणजे मला मासे नकोत, हे आधीच सांगावं. मराठीत बोललात तरी सगळ्यांना कळतं, पण कोंकणीतल्या दोन शब्दांनी वाढणाऱ्याचा हात सैल होतो.

गोव्यातल्या मित्राने चतुर्थीला घरी बोलावलं तर नाही म्हणू नका. माटोळीखाली (फळं-भाज्या टांगलेल्या चौकटीखाली) मांडलेला गणपती, शिवराक जेवण, नेवऱ्या (करंज्या), हे हॉटेलात मिळणाऱ्या कशाहीपेक्षा चांगलं असतं, आणि मासे न खाणाऱ्यालाही त्या पंगतीत अवघडल्यासारखं होत नाही. पहिल्या वाढणीला "इल्लें घाल गे माय" म्हणून थोडंच घ्या आणि ते संपवा. पानात टाकलेलं अन्न बोचतं, थोडं घेतलेलं कोणालाच बोचत नाही. दुसऱ्यांदा मागितलंत तर त्या घरी तुमची जागा पक्की झाली.

श्रावणात पातोळ्या करतात, विशेषतः नागपंचमीला: हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापून आत गूळ-खोबरं घालून वाफवलेल्या. ख्रिस्ती घरांत त्या १५ ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाला असतात. हळदीच्या पानाचा वास नवा वाटेल, पण आत मोदकाचं सारण आहे.

मग मासा

गणपती आटोपले की सप्टेंबर-ऑक्टोबरात बांगडे, तारले भरपूर येऊ लागतात आणि भाव खाली येतो. आता सुरुवात करा, आणि काट्यांच्या हिशेबाने करा.

पहिली सुंगटं. काटा नाही, वास सौम्य, गोडसर चव. सुंगटांची कढी आंब्याची किंवा आमाड्याची आंबटी घालून करतात, ती भातावर घ्या. दुसरी इसवण, म्हणजे सुरमई. तिच्या चकतीत मधे एक मोठा काटा आणि त्याला चिकटलेले थोडे, बाकी सगळं मांस. रवा लावून तळलेली चकती हा सगळ्यात सुरक्षित पहिला मासा आहे, महाग आहे म्हणून दोघांत एक घ्या. तिसरा लेपो, हा चपटा मासाही चांगला, मांस काट्यावरून सहज सुटतं. मोरीला (लहान शार्कला) टोचणारा काटा नसतो म्हणून ती पहिल्यांदा सुचवली जाते, पण शिळी झाली की तिला उग्र अमोनियाचा वास येतो. खात्रीच्या घरचं आंबोट-तीख असेल तरच मोरी खा.

चौथ्या पायरीवर बांगडा, आणि तो हातानेच खायचा. तळलेला बांगडा आडवा ठेवा. डोक्यापासून शेपटीपर्यंत मधोमध एक रेघ दिसते. त्या रेघेवर अंगठ्याने दाबून वरचं, पाठीकडचं मांस आधी सोडवा, त्यात काटे जवळजवळ नसतात. मग पोटाकडचा भाग. तिथे फासळ्यांचे बारीक काटे असतात, ते बोटांनी चाचपून काढा. वरची बाजू संपली की शेपटी धरून मधला काटा डोक्याकडे उचला, तो अखंड निघून येतो. खालची बाजू मोकळी झाली. कढीतला बांगडा खाताना तुकडा आधी भाताबाहेर काढून काटे वेगळे करा आणि मगच कालवा. भातात कालवलेला काटा सापडत नाही. काटा घशात अडकलाच तर जोरात खोका, पाण्याचे घोट घ्या. भाताचा मोठा गोळा किंवा केळं गिळून तो खाली ढकलायचा जुना उपाय करू नका, काटा आणखी रुतू शकतो. टोचणं राहिलं तर डॉक्टरकडे जा.

हॉटेलात फिश थाळीला साडेबारा ते दीडमध्ये जा. अडीचनंतर मासा बऱ्याचदा पुन्हा गरम केलेला मिळतो आणि रवा मऊ पडतो. हुमणाचा लाल रंग पाहून घाबरू नका, तो बराचसा कमी तिखट मिरचीचा रंग असतो. काणकोणातल्या खोला गावच्या मिरचीला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तीही रंगासाठीच नावाजलेली.

तिसऱ्या, खुबे, शिनाणे ही शिंपल्यांतली मासळी पहिल्यांदा दोन-चारच खा. कोळंबी, खेकडे, शिंपले यांची ॲलर्जी असणाऱ्या देशावरच्या मुलाला ती आहे हेच माहीत नसतं, कारण घरी कधी खाल्लेलंच नसतं. ओठ सुजणं, अंगावर पित्त उठणं, श्वास कोंडणं यांतलं काहीही झालं की वाट न पाहता १०८ ला फोन करा किंवा सरळ दवाखाना गाठा. शिजूनही न उघडलेली शिंपी खाऊ नका. आणि बांगडा, तारले खाऊन अर्ध्या-एक तासात तोंड लाल झालं, खाज सुटली, डोकं ठणकलं, तर ती बरेचदा ॲलर्जी नसते. मासा गरम हवेत राहिल्याने त्यात हिस्टॅमिन तयार झालेलं असतं आणि ते शिजवून जात नाही. डॉक्टरला दाखवा, त्या हॉटेलात पुन्हा मासा खाऊ नका, पण बांगड्याला कायमचं दूर करू नका.

बाजारात घेताना डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, कल्ले लाल, बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरून आला पाहिजे. वास समुद्राचा असावा, सडका नसावा. साफ करून मागा, विकणारी मावशीच करून देते.

खोलीवर हुमण करायचं तर दोघांसाठी दोन मध्यम बांगडे घ्या, प्रत्येकाचे तीन तुकडे, मीठ-हळद लावून पंधरा मिनिटं ठेवा. एक वाटी ओलं खोबरं, सहा-सात ब्याडगी मिरच्या, एक चमचा धणे, पाव चमचा हळद, पाव कांदा आणि बोराएवढी चिंच असं वाटण गंधासारखं बारीक वाटा. हे सगळ्यात महत्त्वाचं. भरड राहिलं की कढीत पाणी वेगळं आणि चोथा वेगळा होतो, मग कितीही उकळलं तरी सुधारत नाही. दीड वाटी पाणी घालून वाटण सात-आठ मिनिटं उकळा, मीठ घाला, मग मासे आणि आठ तिरफळं. तिरफळांच्या आतल्या काळ्या बिया काढून टाका आणि सालं नुसती ठेचून टाका. वाटलीत तर कढी कडू होते. मंद आचेवर सहा-सात मिनिटं, शेवटच्या दोन मिनिटांत तीन सोलं. पळीने ढवळू नका, भांडं धरून हलवा, नाही तर मासा फुटतो. स्टीलचं किंवा मातीचं भांडं वापरा, कारण ॲल्युमिनियम आंबटाशी जुळत नाही. उतरवल्यावर वीस मिनिटं तशीच मुरू द्या. उरलेली कढी फ्रिजमध्ये ठेवून सकाळी तव्यावर दाट होईपर्यंत आटवली की पावाबरोबर अप्रतिम लागते. फ्रिज नसेल तर मात्र हा मोह टाळा.

शिरका, डुकराचं मांस आणि सुकी मासळी

ख्रिस्ती स्वयंपाकात आंबटपणा माडाच्या शिरक्याचा (व्हिनेगरचा) असतो, तो सोलांपेक्षा धारदार. काफ्रेल आधी खा: कोथिंबीर, आलं, लसूण, हिरवी मिरची यांच्या वाटणातली कोंबडी, चव ओळखीची. मग रेशाद मसाला भरलेला बांगडा. विंदाल्हो, सोरपोतेल आणि चोरीस (सॉसेज) हे मुळात डुकराच्या मांसाचे पदार्थ, चालत नसेल तर मागवण्याआधी विचारा. काही ठिकाणी बीफही असतं. यात संकोच नको, इथल्या लोकांना हा प्रश्न रोजचा आहे. चालत असेल तर चोरीस-पाव खा, पण चोरीस चरबीदार आणि खारट असतो, पहिल्यांदा अर्धा पाव पुरे. सोरपोतेल केल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, शिरका मुरतो म्हणून.

सुकी मासळी शेवटची, कारण तिचा वास सगळ्यात तीव्र. शिजतानाचा वास आणि खातानाची चव यांत फार अंतर आहे, म्हणून ती स्वयंपाकघरात उभं राहून पहिल्यांदा अनुभवू नका. पानात आलेली किसमूर चिमूटभर घ्या: भाजलेला सुका जवळा, ओलं खोबरं, कांदा, तिखट, थोडी आंबटी. ती ऐनवेळी कालवलेली, कुरकुरीतच हवी. तासभर आधी कालवलेली किसमूर मऊ पडते आणि मग फक्त वास उरतो. भाकरी-जवळा खाणाऱ्यांनी ही पायरी आधीच ओलांडलेली असते.

एप्रिल-मेमध्ये कोकम पिकतं आणि लोक पावसाळ्याची बेगमी करतात, सुकी मासळी, सोलं, मिरच्या. सुट्टीला घरी जाताना हीच वेळ साधा. सोलं काळसर, मऊ आणि मिठाने ओलसर दिसणारी घ्या, कोरडी कडक नकोत. काचेच्या बरणीत ठेवली तर वर्षभर टिकतात. तिरफळं मात्र पूर्ण वाळलेली, तोंड उघडलेली घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळी ठेवा, त्यांचा वास शेजारच्या चहापत्तीला लागतो.